शोधायचा तास

अशोक चौकातून आत, बंद कारखान्याच्या भिंतीला लागून
आमचं कॉलेज. संगणक वीस, चालू चौदा.
मार्चच आहे अजून, तरी पंखा गरम वारा ढकलतो
आणि मी, ग्रंथपाल होटगीकर,
मुलांना शिकवतो, शोधायचं कसं.
मुलं हसतात. त्यात काय शिकायचं की, सर?
दोन अंगठे पुरतात.

बरं. मल्लिनाथ बिराजदार, टाक काहीतरी.
तो टाकतो : उद्या आमच्याकडे पाणी येणार का
यंत्र नम्र आहे, नाही म्हणणं त्याला जमत नाही.
वेळापत्रक काढून देतं, गल्लीच्या नावासकट,
पहाटे साडेचार ते सहा.
मल्लिनाथ खूश.
मी म्हणतो, तारीख बघ.
तारीख सहा वर्षांपूर्वीची.
समीना बागवान म्हणते, आमच्या शेजारच्या खाला
नळाला कान लावून सांगतात, आणि चुकत नाहीत.
मी फळ्यावर लिहितो :
कोण सांगतंय. कधी सांगितलं. त्याला कुठून कळलं.
खाला तिन्हीत पास.

मग माझं आवडतं वाक्य, दर वर्षीचं :
प्रश्न टाकू नका. उत्तर ज्यानं लिहून ठेवलं असेल
त्याच्या खुर्चीत जाऊन बसा.
‘आईचा खोकला का थांबत नाही’
असं कुठला डॉक्टर लिहितो?
तो लिहील तंबाखूची धूळ. लिहील विडी कामगार, फुप्फुस.
मागच्या बाकावरचे तिघे एकदम वहीत लिहायला लागतात.
मी तिकडे बघत नाही.

अवतरणचिन्ह म्हणजे चिमूट,
दोन शब्द एकमेकांपासून सुटू द्यायचे नाहीत.
वजाचं चिन्ह म्हणजे सूप.
चादर म्हणालात की दुकानं धावत येणार,
वजा किंमत, वजा सवलत, वजा घरपोच,
पाखडत राहायचं,
खाली काहीतरी जड उरतं. बहुतेक वेळा.

गड्डमची अनसूया तासभर गप्प होती.
तिला एक शब्द हवा होता.
मागावर आडवा धागा मध्येच तुटला
की कापडात बारीक रेघ राहते,
तिला तिचे वडील जे म्हणतात, तो.
तिनं तेलुगूत शोधला, देवनागरीत शोधला,
काना काढून, मात्रा चढवून, चिमटीत धरून.
यंत्रानं विचारलं, तुम्हाला हे म्हणायचं होतं का?
आणि साड्यांचं दुकान दाखवलं.
नाही, अनसूया पडद्याला म्हणाली, मोठ्यानं,
मला हेच म्हणायचं होतं.

अठ्ठावीस वर्षं पुस्तकांना आकडे देत आलो.
सापडत नाही म्हणजे चुकीच्या कपाटात आहे,
येईल त्याला हेच सांगितलं.
त्या दिवशी जीभ उचलेना.
म्हणालो, निकाल शून्य, असं लिहून घे.
कुठे कुठे बघितलंस ते लिही, तारीख घाल. हाही शोधच.
ती म्हणाली, मार्क आहेत का ह्याला?
आहेत म्हणालो. नव्हते. नंतर दिले.

पुढच्या बुधवारी तिनं टॉवेल आणला,
नापास मालाच्या ढिगातला.
रेघेभोवती बॉलपेननं गोल,
खाली शब्द, खोडून पुन्हा लिहिलेला,
कारण अक्षरावरून वडील आणि काका भांडले म्हणे
रात्री दीडपर्यंत, माग बंद ठेवून.

टॉवेल मी नोंदवहीत चढवला. दाखल क्रमांक दिला.
भाषा : घरची तेलुगू. पाने : एक. स्थिती : धुतलेली.
शब्द इथे लिहीत नाही,
मला तो अजून नीट म्हणता येत नाही,
जिन्यात भेटली की अनसूया दुरुस्त करते.

आज नवी तुकडी. चालू संगणक तेरा.
दारात मल्लिनाथ भेटला, विचारलं, आलं का पाणी?
आलं की, म्हणाला.
खालांना विचारलं होतं.