डावा

भोसरीत, बेअरिंगच्या दुकानावर
माझी दहा बाय बाराची खोली.
स्कॅनर बारा हप्त्यांत घेतला, सहा फिटलेत.
इस्त्रीपेक्षा हलका, तरी तासाभरात मनगट भरून येतं.
आजवर त्यानं पाहिलेलं:
मिक्सरचं चिरलेलं झाकण, बुलेटचा गिअर-लिव्हर,
चिंचवडच्या कुठल्याशा पंपाचा पंखा,
एका आजोबांची कवळी.

बिराजदार आले गुरुवारी, कंपन्यांच्या सुट्टीला.
शिवलिंग बिराजदार, मूळ उदगीरकडचे.
उजवा हात टेबलावर ठेवला, डावा खिशात.
बायको स्टुलावर, मांडीवर हेल्मेट.
"डावा पाहिजे," म्हणाले, "ह्या उजव्यावरून."

घामेजला हात चकाकतो,
आणि चकाकणारं ह्या स्वस्त यंत्राला दिसत नाही.
काचही नाही. काळं कुळकुळीतही नाही.
मी बाळाच्या पावडरचा डबा पुढे केला.
त्यांनी नाही, महानंदाताईंनी लावली ती,
बोटांच्या बेचक्यांतून थेट मनगटापर्यंत.
ते कॅलेंडरकडे बघत राहिले.

हलू नका म्हटलं, आणि हळूहळू भोवती फिरले.
उजेडाच्या रेघा बोटांवरून सरकल्या,
पडद्यावर हात उगवायला लागला,
आधी पेरं, मग शिरा, मग नखाची तुटकी कड.
दोनदा करंगळी थरथरली.
दोनदा यंत्र म्हणालं, माग हरवला.
मग मागे जायचं, जिथवर ओळख पटत होती तिथवर,
आणि तिथून पुन्हा.

"तुमच्या मशिनला डोळा आहे," ते म्हणाले.
"आमच्या प्रेसलाही होता. दीडशे टनी.
हात आत दिसला की थांबायचा.
शिफ्टचा आकडा होईना, म्हणून डोळ्यावर टेप."
कुणी लावली, मी विचारलं नाही.
तळव्याची बाजू घेताना त्यांनीच सांगितलं,
"साहेब म्हणाले. लावायचो मीच.
रोज नवी लागायची. तेलानं सुटते ना."

मी आरशाचं बटण दाबलं.
उजवा उलटला, डावा झाला, इतका सहज
की मलाच कसंतरी झालं.
बिराजदारांनी खिशातला हात काढला
आणि पडद्याजवळ नेला,
मनगटाला मनगट लावून पाहिलं.

महानंदाताई उठल्या.
"हा डाग काढा. हा वेल्डिंगचा, उजव्याचा.
त्या हाताला नव्हता."
काढला.
"आणि तिथं तीळ होता."
"कुठला तीळ?" बिराजदार.
"होता."
"माझ्या हाताला? मला कसा माहीत नाही मग?"
त्या उत्तराच्या भानगडीत पडल्या नाहीत.
स्वतःचा डावा हात पालथा केला,
अंगठ्याच्या मुळाशी, शिरेच्या जरा अलीकडे
बोट टेकवलं.
"इथं. कणीएवढा. वर आलेला.
अंधारातसुद्धा लागायचा."

बारा लाख बिंदू आहेत त्या फाईलमध्ये,
सगळे यंत्रानं घेतलेले.
तीळ मी माऊसनं बसवला, ताईंच्या बोटाकडे बघत,
थोडा खाली, एवढा नको, हां.
बिराजदार वाकून बघत होते,
शेजाऱ्याच्या घरात डोकावावं तसे.

साचा, सिलिकॉन, कातडीचा रंग, ते पुढचं काम माझं नाही.
त्याचा माणूस कात्रजला, महिनाभर नंबर लावावा लागतो.
सातशे ठरले होते.
पाकीट दातांत धरून त्यांनी नोटा काढल्या,
मोजल्या ताईंनी.
खिडकीतून दिसलं, स्कूटर त्याच चालवतात.
हेल्मेटही त्यांचंच होतं.

टेबल पुसायला गेले
तर सनमायकावर पांढरा उजवा हात,
पाची बोटं, तळव्याच्या रेषा, सगळं.
हा चकाकत नव्हता.
बुलेटवाला संध्याकाळी आला लिव्हर न्यायला,
तेव्हा पुसला.