सात टाके

हनुवटीवर सात टाके.
दोरा निळा, सुई वाकडी,
हात डॉक्टर हॅटी ब्लँकनशिपचा, एकवीस वर्षं तोच.
आणि बाहेरच्या टेबलाशी मी,
टाक्यांचे आकडे करणारी बाई.

किती झाले, विचारतो ड्युई मलिन्स,
टोपी हातात, बुटांना करवतीचा भुसा.
किती झाले ते मला तरी कुठं ठाऊक, ड्युई?
म्हाताऱ्यांच्या सरकारी योजनेत या सातांचा एक भाव,
गरिबांच्या योजनेत त्याहून कमी,
गिरणीच्या विमा कंपनीकडे तिसराच,
तोही त्यांच्या मनात आलं तर,
आणि ज्याच्याजवळ काहीच नाही
त्याला सगळ्यांत मोठा.
शनिवारच्या बाजारात टोमॅटोवालीसुद्धा
तोंड पाहून भाव सांगते.
पण ती निदान तोंड पाहते.

पोराचं कार्ड चालायला हवं होतं.
चाललं नाही.
मे महिन्यात ड्युईनं तीन शनिवार जादा काम केलं
ट्रकच्या टायरांसाठी,
आणि मर्यादेच्या वर गेला एक्केचाळीस डॉलर.
एक्केचाळीस.
चार्ल्स्टनहून पत्र आलं, प्रकरण तपासणीत आहे.
ते त्यानं फ्रिजवर लावलंय, चुंबकाखाली,
आणि फोरमनला सांगितलंय, शनिवार नको.
फोरमनला वाटतं, गडी आळसावला.

डॉक्टर हॅटी तेव्हा फोनवर होती, बत्तीस मिनिटं,
ऑर्फा टेटच्या गुडघ्याच्या स्कॅनची परवानगी मागत.
तीच ती पियानोची धून,
तिची बोटं आता नकळत टेबलावर ताल धरतात.
शेवटी पलीकडून कुणी स्पेलिंग विचारलं.
गुडघ्याचं नाही. तिचं.

जूनअखेर तिनं दवाखाना विकला.
म्हणाली, एक पेशंट तपासते मी, रेनी,
आणि तीन माणसं माझा कागद तपासतात.
सोमवारी नवी पाटी लागली,
सत्तर मैलांवरच्या इस्पितळाची.
खोली तीच. खुर्ची तीच, रेक्झिनला माझीच टेप.
पण आता डॉक्टरचे वेगळे, खोलीचे वेगळे.
भिंतींनी काय केलं, मी विचारलं.
शिकवायला आलेला पोरगा हसला.
चांगला प्रश्न आहे, म्हणाला.

टाके घालायचे पैसे, काढायचे नाहीत:
एवढ्या जाड नियमावलीत
एवढीच ओळ मला माणसानं लिहिलेली वाटते.
पण टकरचे टाके घातले जुन्या मालकाच्या खोलीत,
काढायचे नव्याच्या.
स्क्रीननं त्याला नवा पेशंट ठरवलं.
खोलीचे एकशे अठ्ठावीस.
आकडा माझ्या तोंडून निघेना,
मी स्क्रीनच वळवली डॉक्टरकडे.

तिनं वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
मग ट्रे उचलला, कात्री, चिमटा, कापूस,
आणि ड्युईला विचारलं, ट्रक कुठंय तुझा?

पार्किंगमध्ये, ट्रकचं मागचं फळकं पाडून
टकर बसला पाय हलवत,
खाली टायर नवेकोरे, काळेकुळीत.
ऊन खोलीतल्या दिव्यापेक्षा बरं होतं.
एक. दोन. तिसऱ्याला तो ओरडला.
खिडकीतून मी मोजत होते, सवयीनं.
सातवा निघाला तेव्हा ड्युईनं पाकीट काढलं,
ती काहीतरी बोलली, काचेतून ऐकू आलं नाही,
पाकीट खिशात परत गेलं.

स्क्रीन विचारत होती, सेवा कुठे दिली?
यादीत दवाखाना होता, इस्पितळ, घर, शाळा,
तुरुंगसुद्धा.
ट्रक नव्हता.
मी यादी दोनदा वाचली,
मग लिहिलं, पेशंट आला नाही,
आणि ऑर्फा टेटला हाक मारली.
तिला उठायला वेळ लागतो.