मुकी पेटी

भिशी लागली, अकरा हजार.
वहिनी म्हणाली मिक्सर घे,
तिचा शार्दूल म्हणाला, आत्या, फोन बदल.
मी त्यालाच घेऊन रविवारी एम. जी. रोडला गेले
सबवूफर बघायला.

दुकानदार शार्दूलशीच बोलत राहिला.
"बारा इंची घ्या साहेब, सोफा हलेल."
सोफा नाही आमच्याकडे, दिवाण आहे,
तो हलू नये म्हणून पायाखाली पुठ्ठा घातलाय.
त्यानं स्फोट लावून दाखवला, मग हेलिकॉप्टर,
मग वरातीतलं काहीतरी.
काचेच्या कपाटात रिमोट नाचले.
मी म्हटलं, डग्गा लावा.
"काय?"
डग्गा. डावा. तबल्याशेजारचा, पोट सुटलेला.

आमचे नाना तांबट.
उकिडवे बसून पत्र्याला पोट आणायचे,
ठोक्या ठोक्यानं,
इतके ठोके की घरात घड्याळ लागलंच नाही.
भांडं झालं की कानाशी धरून टिचकी मारायची.
बोललं तर बाजूला.
नाही बोललं तर परत ऐरणीवर.
"नुसता आकार काय गं, भोपळ्यालाही असतो."

त्यांच्या एका डग्ग्यावर पंचवटीत बैठक झाली होती.
वाजवणारा कुणी पाहुणा, नाव विचारायचं राहिलं.
मी चौदा वर्षांची, मांडीवर टेपरेकॉर्डर.
ती कॅसेट आता फोनमध्ये आहे
आणि फोनला जोडलेले दोन चिमुकले स्पीकर.
तिरकिट सगळं येतं, मोकळ्या भातासारखं.
नानांचा खोकला येतो, दोनदा.
घे येत नाही.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते
तसा कान तिथे जातो, परत येतो.

भद्रकालीत इलियासभाईंकडे जुना माल.
आठ इंची, बंद पेटीचा, एका कोपऱ्याला टवका,
सहा हजार आठशे.
"छोटा आहे ताई, पण बोलला की थांबतो."
थांबतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं.
सगळे किती हलेल तेच सांगत होते.
कडेचं रबर बोटानं चाचपलं, चीर नाही.
रिकामाच चालू करून कान लावला, घरघर नाही.
मग सवयीनं पेटीवर टिचकी मारली.
लाकूड काही बोललं नाही.
नानांनी परत ऐरणीवर टाकली असती.
इलियासभाई हसले, "पेटी मुकीच पाहिजे.
तिनं स्वतःचं काही सांगायचं नाही."
सहा हजार दोनशेला सौदा तुटला.
तार वेगळी, दोनशे.

घरी तो ठेवला मी बसते त्या दिवाणावर
आणि मी रांगत फिरले खोलीभर.
जागा अशीच शोधतात म्हणे.
गुडघे पन्नाशीचे, फरशी सिडकोची.
खालच्या खैरनारांना आधीच सांगून आले होते,
दहा मिनिटं धडधडलं तर मी आहे, भूकंप नाही.
टीव्हीखाली नुसता फुगारा.
दाराशी काहीच नाही.
शिलाई मशीन आणि तांदळाचा डबा यांच्या मधे,
कपाळ जवळजवळ फरशीला टेकलेलं असताना,
घे.

मोठा नव्हता.
मनगट कातड्यावरून घासत वर गेलं,
तांब्याच्या पोटात एक वळण घेतलं
आणि थांबला.
मागे खोकला.

तेवढ्यात फळीवरचा तांब्या थरथरला.
घरातली किणकिण आधी बंद करायची असते,
नाहीतर ऐकलेलं सगळं गढूळ होतं.
उठले, दाबून धरायला.
हात नुसता ठेवला.

चार हजार सहाशे उरलेत.
मिक्सर बघू.