नमुना क्रमांक एक्केचाळीस

नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं
त्या गल्लीतली मुलगी समुद्राची डॉक्टर झाली,
याचं हसू साखर पेठेला बरीच वर्षं पुरलं.
"समुद्राला झालंय काय, डॉक्टर लागायला?"
पानवाला मल्लेशम विचारायचा.
अक्का खरंच उत्तर द्यायची:
"झिजतोय. म्हणजे तो नाही, काठ."

ती किनारा मोजायची. एवढंच मला कळलं.
वर्षातून चार वेळा, त्याच खुंट्यांपासून,
गुडघाभर पाण्यात उभं राहून,
वाळू किती गेली, किती आली.
बाबा म्हणायचे, मग आमचंच काम की,
धोटा गेला, धोटा आला, संध्याकाळी गज मोजा.
ती चिडली नाही.
लाट वाळूला तिरकी वर नेते न् सरळ खाली ओढते,
आणि अशीच वाळू मैलोन् मैल सरकते,
हे परदेशात कुठेसं शिकवताना
तिनं फळ्यावर आधी माग काढला, म्हणे.

मला एकदाच काम सांगितलं. पोस्टकार्डावर.
"अंबादास, वडकबाळच्या पुलाखाली जा.
पाण्याच्या कडेला, चार बोटं खोल,
डबीभर वाळू. हात धुऊन घे."
मी पाळी बुडवून सायकलवर गेलो.
पावडरचा डबा रिकामा होता, त्यात भरली.
उत्तर आलं: "वास येतोय. तीनदा धुतली."
आभार नाहीत, काही नाही.

ते सगळं नंतर कळलं.
आपली सीना कुडलला भीमेत, भीमा कृष्णेत,
आणि कृष्णेच्या मुखाशी, त्या दूरच्या काठावर
जे काळे कण तिला सापडले
ते माझ्या डब्यातल्या कणांचे सख्खे.
वर धरणं झाली, कण वाटेत अडकले,
खाली किनारा उपाशी.
एकवीस पानांत तिनं एवढंच लिहिलं.
दोनशे सत्तेचाळीस जणांनी त्याचा आधार घेतला,
निरोपाच्या दिवशी कुणी माइकवर सांगितलं.
अक्का तेव्हा चहाच्या कपातली साय काढत होती.

एका बंदरवाल्यानं लिहिलं, बाई चुकल्या.
तिनं दोन वर्षं घालवून पुन्हा मोजलं.
एक आकडा चुकलाच होता.
अर्ध्या पानाची दुरुस्ती छापली
आणि तीच फ्रेम करून भिंतीला लावली.
पदव्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांबरोबर.

एका कोळीवाड्यानं तिच्या शब्दावर
घरं तीनशे पावलं मागे घेतली.
पुढच्या वादळात जुन्या शाळेच्या फरशीवर
मासे होते.
त्यांच्यातल्या कुणी निबंध वाचला नव्हता.
दोनशे सत्तेचाळीसात ते धरलेत का,
विचारायचं राहून गेलं.

गेल्या श्रावणात अक्का गेली.
तीन ट्रंका आल्या, शेकडो बाटल्या,
प्रत्येकीत थोडा थोडा कुठला तरी काठ.
मग एक फोन. तरुण मुलगी, अडखळती हिंदी:
"सर, एक्केचाळीस नंबरचा नमुना गोळा करणारे आपणच ना?
निबंधाच्या शेवटी नाव आहे."
छत्तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काढली,
सर कुणी म्हटलं नव्हतं.
आणि नाव? तिनं सांगितलंच नव्हतं.

तीच जागा, तीच खोली, तोच महिना हवा होता.
रिक्षानं गेलो. गुडघे आता सायकलचे नाहीत.
पुलाखाली वाळू नव्हती.
उपशाचे खड्डे, त्यांत हिरवं पाणी,
चिखलात रुतलेला एक बूट.
दुपार होईपर्यंत फिरलो.
दोन दगडांच्या सांध्यात ओंजळभर सापडली.
डबा या वेळी स्टीलचा, उकळून घेतलेला.

चिठ्ठीवर लिहिलं:
वडकबाळ. पूल तोच.
खोली चार बोटं मिळाली नाही, दोनच.
बाकी जागी वाळू नाही, तेही नोंदवावं.
वास नाही.
हात धुतले होते.