कलिंगडाची सालं

रेडिओ म्हणाला, समुद्रापार कुणीतरी शिंकलंय.
दुपारपर्यंत शुब्रातले मास्क संपले.
संध्याकाळी मसालेवाला चक्रीफूल चिमटीनं मोजत होता,
सोनार गुंजा मोजतो तसं,
आणि आम्ही रांगेत
हातभर लांब लांब,
एकमेकांच्या नाकांवर नजर ठेवून.

कैरोत तेव्हा एकालाही ताप नव्हता.

तळमजल्यावरचा वहीद इस्त्रीवाला म्हणाला,
आता हात मिळवायचा नाही, छातीवर ठेवायचा.
येणाऱ्याजाणाऱ्याला तो तसाच सलाम करत राहिला
आणि माझ्या निळ्या झग्यावर
इस्त्रीचा त्रिकोण उमटला.

मग कुणाला तरी डुकरं आठवली.
आजाराच्या नावातच होती,
शोधायला लांब जावं लागलं नाही.
मुकत्तम डोंगराखाली, कचरेवाल्यांच्या दारात,
आमच्याच ताटातलं शिळं खाऊन
गलेलठ्ठ झालेली.

इमारतीची बैठक भरली. अर्ज ठरला.
तीस वर्षं शाळेत शिकवलंय, अक्षर माझं वळणदार,
म्हणून मीच लिहिला.
‘सार्वजनिक आरोग्याच्या हितार्थ’
याच्या खाली रेघ मारली,
पट्टी लावून.

ट्रक आले. टीव्हीवर दाखवले.
मी आवाज बंद करून पाहिले.

रिझ्कल्ला तिसऱ्या दिवशी आला.
चार मजले चढून, पाठीवर तीच करंडी,
खांद्यावर पट्ट्याचा तोच घट्टा.
चौदा गेली, म्हणाला,
वाणी सुटे नाहीत म्हणतो तशा आवाजात.
त्यातली दोन फिब्रोनियाच्या लग्नासाठी राखलेली.
मग माझ्यासमोर पायरीवर पिशवी उपडी केली.
बाटल्या उचलल्या, डबे, पुठ्ठा,
आणि उरलेलं सगळं
माझ्याच पिशवीत नीट भरून
गाठ मारून परत दिलं.
‘हे खाणारं आता कुणी नाही, मिस इन्साफ.’

तो उन्हाळा कलिंगडांचा.
सालं गॅलरीत, सालं जिन्यात,
सालं बादलीत पाण्याखाली, माश्या बसू नयेत म्हणून.
रात्री मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून
कोपऱ्यावर टाकून यायची,
इकडेतिकडे बघत,
आणि तिकडून डॉक्टरीणबाई यायच्या, तशाच, पुडकं घेऊन.
आम्ही एकमेकींना ओळख दिली नाही.
ढीग आधी गुडघ्याएवढा,
मग गाडी उभी करू नये या पाटीएवढा,
मग पाटीच दिसेना.
वहीद म्हणाला, अर्ज करायला हवा.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, चष्मा सापडत नाही.

ताप आला तो ऑगस्टात, विमानानं.
माझाच भाचा, परदेशी शिकणारा, कडक इस्त्रीचा शर्ट,
दोन्ही गालांवर मुके घेतले त्यानं
आणि मी घेऊ दिले.
घरच्या माणसासमोर
कोण छातीवर हात ठेवतं?

नऊ दिवस अंथरुणात.
शेजारच्यांनी सूप पाठवलं, उंबऱ्याबाहेर ठेवून
बेल वाजवून पळाले.
दहाव्या दिवशी कुणीतरी दार वाजवलं
आणि पळालं नाही.
रिझ्कल्ला. महिन्याचे पैसे.
मी फटीएवढं दार उघडलं आणि खोकत सुटले.
वाटलं, आता मागे सरेल.
त्यानं करंडी खाली ठेवली,
पायरीवर बसला,
माझं खोकणं संपेपर्यंत
भिंतीवरचा पोपडा नखानं काढत राहिला.
मग विचारलं, लिंबू आहे का घरात?

होतं.
पिळलेल्या दोन फोडी
बशीत आहेत अजून, तीन दिवस झाले.
वाळून कडक झाल्यात.
त्यांचं काय करायचं,
तेवढं विचारायचं राहिलं.