एका मिलिसेकंदाचा कस

विट्यात, मायणी रस्त्याला माझं दुकान.
आधी मागावर जॉबर होतो,
धोटा अडकला की मला हाक यायची.
आता संगणक अडकला की येते.

मंगळवारी शाहूराज धनवडे आला,
अकरावीचा, छातीशी काळा खोका धरून.
"काका, घरी येऊन बसवून द्या.
गेमिंगचं नेटवर्क कार्ड हाय. पिंग लै पडतोय माझा."
खोक्यावर लाल जबडा,
आतल्या पत्र्यावर पंख्याची नक्षी
जिच्यातून वारा जात नाही.
किंमत विचारली.
साडेसहा हजार.

खोटं कशाला बोलू, बसवायचे दोनशे मला मिळणार होते.
पण हे गलाईवाल्यांचं गाव,
इथं कस लावल्याशिवाय कुणी चिमूटभर सोनं घेत नाही.
म्हटलं, आधी जुन्यावर मोजू.
मदरबोर्डासोबत फुकट आलेल्या त्या भोकावर.

काळ्या पडद्यावर आकडे उतरले:
बासष्ट. एकसष्ट. बासष्ट. एकशे चाळीस. बासष्ट.
शेजारच्या शेडमध्ये माग चालू होते.
"ऐकतोस? तो धोटा.
इथून सुटला, पलीकडं लागला, परत आला.
पिंग म्हणजे तेवढंच."

मग कार्ड बसवलं. निळा दिवा लागला, देखणा.
एकसष्ट. बासष्ट. एकसष्ट. एकशे अडतीस. एकसष्ट.

"एक कमी झाला की," शाहूराज म्हणाला.
झाला. नाही कशाला म्हणू?
सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातला एक.
तोही कार्डाचा, की त्या घडीला
गावात कुणी पिक्चर बंद केला त्याचा,
मला सांगता येणार नाही.

एकशे अडतीसचा माग काढत गच्चीवर गेलो.
वायर शेडच्या पत्र्यावरून, शेवग्याच्या फांदीतून,
आणि मध्येच एक सांधा,
गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात झाकलेला,
काळी पट्टी सुटून लोंबत होती.
वारा आला की डबा हलायचा,
डबा हलला की आकडा उडायचा.
सांधा कापला, नवीन टोक दाबून बसवलं.
तीस रुपये.
खाली येऊन बघतो तर बासष्ट, बासष्ट, बासष्ट,
नीट विणलेल्या कापडासारखं.

"आता अण्णा मागं राहणार नाहीत ना?"
कोण अण्णा?
वडील. कोइमतूरला, गलाईवर.
रात्री भट्टी विझली की दहा ते साडेदहा,
हा इथं संगणकावर, ते तिकडं मोबाईलवर,
एकाच टोळीत.
"मी दार फोडतो, ते आत येईस्तोवर मरतात.
मला वाटलं, माझ्या लाइनीमुळं."

खेळात प्रत्येकाचा पिंग कोपऱ्यात दिसतो.
त्यानं कालचा फोटो दाखवला.
अण्णांचा आडतीस.
आमच्यापेक्षा चांगला.

मी स्क्रू गोळा करत बसलो.
माझा मेव्हणा बावीस वर्षं तेजाबात हात घालतोय,
रेशनच्या यंत्रावर त्याचा अंगठा उठत नाही.
चार वेळा पुसतो, फुंकर मारतो, पुन्हा ठेवतो,
मागची रांग चुळबुळते.
काचेला बोट कळायला
बोटाला कातडी लागते.

हे पोराला कसं सांगावं?
सांगितलं. मेव्हण्याचंच सांगितलं, बाकी काही नाही.
तो बराच वेळ स्वतःची बोटं बघत होता,
पातळ, कोरी, शाईसुद्धा नसलेली.

कार्ड काढलं. खोक्याची पट्टी पुन्हा चिकटवली,
सात दिवसांत परत जातं.
दोनशे काही मी घेतले नाहीत. तीस घेतले.

परवा शटर ओढताना त्याचा फोन.
"काका, मोबाईलला लावायची बटणं मिळतात का?
खरी. दाबल्यावर खट् वाजणारी?"

मिळतात, म्हटलं.
आणि बिघडली तर माझ्याकडं घेऊन ये.
खटक्यातलं मला कळतं.