दोनशे सोळा

आई वेलिंग्टनला काडतुसांच्या कारखान्यात,
म्हणून मी मर्ल मावशीकडे.
गोठ्यामागच्या शेडमध्ये तिची लाँड्री,
आणि चिठ्ठ्या टाचायचं काम माझं:
गुलाबी कागद, गंजकी टाचणी, शाईने नंबर.
पाएकाकारिकीच्या माळावर अमेरिकन तंबूंचं गाव वसलं होतं
आणि त्या गावाला घाम फार यायचा.

अकरा वर्षांची होते. सगळं मोजायचे.
शर्ट, फुटकी बटणं,
क्लॅरी काकांचं पत्र येऊन झालेले आठवडे.
इजिप्तहून आलेलं ते, सेन्सॉरने कात्रीने खिडक्या पाडलेलं.
मावशी उजेडासमोर धरायची
आणि भोकांतून समोरचं कुरण बघायची.

डेल्बर्ट टीग दूध मागायला आला.
नेब्रास्काचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बोटीवर चढताना.
एका दमात तीन ग्लास प्याला,
ओठावरची साय पुसली, म्हणाला, "थँक यू, मॅम."
मावशीला कोणी मॅम म्हटलं नव्हतं.
गावात ती क्लॅरीची बायको,
घरात नुसतं 'अगं'.

दोनशे सोळा हा त्याचा नंबर.
त्या कॉलरवर इस्त्री जरा जास्त रेंगाळायची.
वाफेचं एक बरं असतं,
लाल झालेलं तोंड तिच्यावर ढकलता येतं.

एकदा सेलोफेनच्या डबीत त्याने एक पांढरं फूल आणलं.
आमच्याकडे पुरुष फुलं न्यायचे ती थडग्यावर.
मावशीने ते एप्रनला खोचलं
आणि धारा काढायला बसली.

दुकानात पॉटिंजरबाई साखर मोजता मोजता विचारायच्या,
"मावशी बरी आहे ना गं?"
'बरी' असं म्हणायच्या
की टोपलीतला नासका बटाटा बाजूला काढावा.
मी म्हणायचे, बरी आहे.
मीही फितूर होते, च्युइंगमच्या पाच कांड्यांत.

त्यांचं काय होतं, मला विचारू नका.
एवढंच पाहिलं:
रात्री पाणी प्यायला उठले, तो स्वयंपाकघरात खुर्चीवर,
मावशी त्याचं बटण शिवत होती, शर्ट अंगात असतानाच.
दोरा तोडायला ती दातांनी वाकली
आणि बराच वेळ वर आली नाही.
मी तहानलेलीच झोपले.

"सराव आहे," म्हणाला, "शुक्रवारी शर्ट न्यायला येतो."

शुक्रवारी माळावर पिवळ्या गवताचे चौकोन होते.
शेडमध्ये चौसष्ट गाठोडी.
मग पेपरात एका बेटाचं नाव आलं;
शाळेच्या नकाशात तिथे माशी बसल्याएवढा ठिपका.
मावशी रोज गाठोड्यांवरची धूळ झटकायची.
वर्षभराने चर्चची गाडी आली,
त्रेसष्ट घेऊन गेली.

काका परतले पंचेचाळीसच्या हिवाळ्यात.
इजिप्तहून नव्हे, इटलीहून; युद्धाने त्यांना तिकडे नेलं होतं.
ते कमी बोलायचे, लसूण मागायचे.
झोपेत म्हणायचे, "पियानो, पियानो."
आमच्या घरात पियानो नव्हता.

"कुंपण रंगवतो," एकदा म्हणाले, "जुनं काहीतरी दे अंगात घालायला."
मावशी कपाटासमोर उभी राहिली.
उभीच राहिली.
मग तिने दोनशे सोळा काढून दिला.

काकांनी गुलाबी चिठ्ठी वाचली.
टाचणी काढून खिडकीच्या चौकटीत खोचली.
शर्ट घातला. बाह्या दोनदा दुमडल्या.
"उंच होता," म्हणाले.
"हो."
आणि अंधार पडेतो ते कुंपण रंगवत राहिले,
मागचं, जे रस्त्यावरून दिसतही नाही, तेसुद्धा.

रात्री शर्ट काकांच्या बनियनांशेजारी दोरीवर निथळत होता.
मावशीने भांडी पुसता पुसता, पाठमोरीच विचारलं,
"पियानो म्हणजे काय?"

काका बुटाची नाडी सोडत होते.
सुटलेली नाडी पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.
"हळू," म्हणाले.
"तिकडे हळूला म्हणतात तसं."